नोंदवहीत नसलेला मंगळवार

"हे न्यायाच्या वटवृक्षा," सोनटक्क्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि मी चहाचा कप फायलींपासून लांब ठेवला. हसताना तो सांडतो, हा अनुभव होता.

"हे न्यायाच्या वटवृक्षा, ज्याच्या थंडगार छायेत वाघ आणि शेळी एकाच घाटावर पाणी पितात..."

"वडाखाली घाट कुठून आला?" मी विचारलं.

"मॅडम, थांबा, पुढच्या ओळीत नदी येईल," फिरदोस म्हणाली.

"आली ना!" सोनटक्क्यांनी कागद उंच धरला. "'आपल्या करुणेच्या गंगेत...'"

"मग वड वाहून गेला असेल," मी म्हणाले.

सगळी खोली हसली. साहेबांनी विनोद केला की खोली हसतेच, पण माझे विनोद खरोखर बरे असत. मी खूप वाचलेली बाई होते. अलंकार कुठे चढला आणि कुठे घसरला, हे मला चटकन कळायचं.

ही खोली राज्य समान हक्क आयोगाच्या नागपूर कार्यालयातली. हा आयोग पुढे दुसऱ्या एका मोठ्या आयोगात विरघळला, त्यामुळे आता त्याच्याबद्दल खरं बोलायला हरकत नाही. मी तिथे पर्यवेक्षी विधी अधिकारी होते. माझ्या हाताखाली फिरदोस धरून तीन तरुण वकील, आवकच्या खिडकीवर लिपिक सोनटक्के, आणि माझ्या सहीशिवाय एकही कागद आयोगाच्या सदस्यांसमोर जायचा नाही. जात, धर्म, लिंग यांवरून कोणाला हिणवलं, हाकललं, वगळलं, तर त्याने आमच्याकडे यायचं. आणि तो आला की त्याच्या अर्जातल्या चुका आम्ही काढायच्या.

चुका काढण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी एक परिपत्रक काढलं होतं: त्रुटी असलेला अर्ज आवक नोंदवहीत घ्यायचाच नाही. हातोहात परत द्यायचा. नोंदच नाही म्हटल्यावर तो प्रलंबितही नाही. वर्षभरात आमच्या कार्यालयाची प्रलंबित प्रकरणं राज्यात सगळ्यात कमी झाली आणि मुंबईहून मला प्रशस्तिपत्र आलं. ते मी खुर्चीच्या मागे लावलं होतं. समोर लावलं असतं तर मला वाचावं लागलं असतं.

सोनटक्के ज्याचा अर्ज वाचत होते त्याला आम्ही 'महाकवी' म्हणायचो. एका तालुक्याच्या गावाहून दोन-तीन महिन्यांनी त्याचे अर्ज टपालाने येत. अर्जदार वेगवेगळे, पण अक्षर एकच आणि वडही एकच. तहसील कचेरीबाहेर बसणारा कोणी अर्जनवीस असणार, असा कार्यालयाचा अंदाज होता. अर्ज आला की चहाच्या वेळी त्याचं वाचन व्हायचं. पहिल्या पानावर हसून झालं की तो त्रुटींच्या शेऱ्यासह परत जायचा.

त्या मंगळवारी, पंधरा नोव्हेंबर दोन हजार अकराला, चहा संपला, फिरदोस सदस्यांच्या दालनात सुनावणीला गेली, आणि साडेबाराच्या सुमारास खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ आणि एक बाई येऊन उभे राहिले. धुतलेला पांढरा सदरा, पायजमा, काखेत रेक्झिनची पिशवी. बाई पन्नाशीच्या, अंगाने बारीक, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"नमस्कार, मॅडम," गृहस्थ म्हणाले.

ते माझे वडील होते.

कार्यालयात हे कोणालाही माहीत नव्हतं. त्यांचं आडनाव वैरागडे, माझं लग्नानंतरचं दाभाडकर. वडील काय करतात असं कोणी विचारलं तर मी सांगायचे, "लेखन करतात." तेही साधारण कसलं? "महसूल आणि न्याय या विषयांवर." सोनटक्क्यांचा समज होता की माझे वडील कोणी विद्वान लेखक आहेत, आणि एकदा त्यांनी मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून बोलावण्याची तयारी दाखवली होती. मी म्हटलं, त्यांची प्रकृती बरी नसते.

मी खुर्चीतून उठले नाही. सोनटक्के खिडकीत होते आणि मी त्यांच्या मागच्या टेबलाशी, चार पावलांवर.

"बोला," सोनटक्के म्हणाले.

बाबांनी बाईंना पुढे केलं. "सांगा, देवकाबाई. भिऊ नका. इथं ऐकून घेतेत."

"मी देवका शेंडे, पिपळगोंदीची," बाई म्हणाल्या. "सात वर्सं शाळेत खिचडी शिजवली. मंग संस्थेत नवीन अध्यक्ष आले. मागच्या वीस नोव्हेंबरले मले म्हणे, उद्यापासून येऊ नको, पोरं तुह्या हातचं खात नाई. पोरं तं खात होते, मॅडम. दोनदा घेत होते. मायबाप म्हणाले तं पोरं थांबले. आता लेकरायले तरी कसं म्हणाव?"

बाबांनी पिशवीतून अर्ज काढून खिडकीतून आत सरकवला. सोनटक्क्यांनी पहिली ओळ वाचली, गर्रकन मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे एवढे मोठे झाले की मला खाली बघावं लागलं. वड सापडला होता.

अर्ज माझ्या टेबलावर आला. मी चष्मा लावून तो तपासला. तपासला म्हणजे चाळला.

"नमुना 'क' जोडलेला नाही," मी म्हणाले. "तहसीलदारांसमोरचं शपथपत्र नाही. अनुक्रमणिका नाही."

"तीन पानं हायेत, मॅडम," बाबा म्हणाले.

"तीन असोत की तीनशे. अनुक्रमणिका लागते."

"इथंच बाकावर बसून करून देतो. शपथपत्र तेवढं आमच्याकडून आणावं लागन." ते खिडकीत थोडे वाकले. "फक्त एक विनंती होती. मुदत वर्षाची हाये, ती रविवारी संपते. आज आवक टाकून द्या, त्रुटी मागून भरतो. आपल्या नियमावलीत तशी तरतूद हाये. नियम नऊ, पोटनियम दोन."

तरतूद होती. माझ्या परिपत्रकाने ती झाकून ठेवली होती, रद्द केली नव्हती. ते माझ्या अधिकारात नव्हतं. राज्यभरातून आलेल्या एकाही वकिलाने मला दोन वर्षांत तो पोटनियम दाखवला नव्हता. तो मला तहसील कचेरीबाहेर सतरंजी टाकून बसणाऱ्या माणसाने दाखवला, आणि त्याने तो माझ्या कनिष्ठ लिपिकासमोर दाखवला.

"नियम आम्हाला माहीत आहेत, काका," मी म्हणाले.

काका. मराठीत वडीलधाऱ्या अनोळखी माणसाला दुसरं काय म्हणतात?

"हो, मॅडम," बाबा म्हणाले.

"नियम सगळ्यांना सारखे असतात. सगळं पूर्ण करून आणा, आम्ही घेऊ."

"बरोबर हाये, मॅडम." त्यांनी अर्ज परत पिशवीत ठेवला आणि देवकाबाईंकडे वळून म्हणाले, "चाला. दोनची गाडी भेटन."

ते गेल्यावर सोनटक्के टेबलापाशी आले. "मॅडम, साक्षात महाकवी! विचारायला पाहिजे होतं, घाट कुठून आला ते."

मी हसले.

त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही. हसले.

संध्याकाळी सात वाजता बाबांचा फोन आला. तो रोज यायचा. आई गेल्यापासून ते एकटेच राहायचे आणि सातला फोन करून मी जेवले का ते विचारायचे, जणू नागपुरात संध्याकाळी सातला कोणी जेवतं.

"जेवली का, शैला?"

"बाबा, तुम्ही कळवून का नाही आलात?"

"कळवलं असतं तं तू म्हणाली असती, येऊ नका."

"म्हणालेच असते. बाबा, याला हितसंबंधांचा प्रश्न म्हणतात. मी तिथे निर्णय घेणारी आहे. माझे वडीलच अर्ज घेऊन आले तर लोक काय म्हणतील?" मी त्यांना याच विषयावर दहा मिनिटं ऐकवलं. त्यात एका निकालाचा दाखलाही होता. तो बिनचूक होता.

"मी कुठं तुहा बाप म्हणून आलो होतो?" बाबा म्हणाले. "मी त्या बाईचा अर्जनवीस म्हणून आलो होतो. म्हणून तं मॅडम म्हटलं."

मी विषय बदलला. "आणि ते वटवृक्ष वगैरे कशाला लिहिता? कोणी वाचत नाही ते."

"कोणी वाचत नाई?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. मग हसल्यासारखं करून म्हणाले, "अगं, पयलं पान सायबाचं असते. दुसरं देवाचं. अर्जदाराचं तिसरं. पयल्या दोघायले खूश केल्याशिवाय तिसऱ्यापर्यंत कोणी जात नाई, असं माह्या गुरूनं शिकवलं होतं. चाळीस वर्सं तसंच लिहत आलो. आता तू म्हणतेस तं वड काढून टाकतो."

"काढाच."

"उद्या नमुना आणतो झेरॉक्सवाल्याकडून. तहसीलदार गुरवारी असते. शुक्रवारी तुह्याकडे देवकाबाईलेच एकटीले पाठवतो. मी येत नाई. मंग झालं?"

"झालं," मी म्हणाले, आणि मला बरं वाटलं. ते येणार नव्हते म्हणून.

बुधवारी सकाळी आठ वाजता शेजारच्या मारबते काकांचा फोन आला. बाबांनी नळाचं पाणी भरलं, कळशी आत ठेवली, ओट्यावर येऊन बसले, ते बसलेच. मारबते काका दोनदा "लहानुजी, चहा घेता का" म्हणाले आणि मग जवळ गेले.

त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. पुण्याहून धाकटा भाऊ आला, उमरेडहून आत्या आली. मी सगळ्यांना काय काय आणायचं ते सांगत होते आणि यादी करत होते. यादीला अनुक्रमांक घातले होते.

शुक्रवारी तिसरा दिवस. राख सावडून आम्ही घरी आलो, तर अंगणाच्या कडेला देवकाबाई उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी हात जोडले, मग पुन्हा नीट पाहिलं आणि जोडलेले हात तसेच राहिले.

"मॅडम? तुमी इथं कशा?"

"मी त्यांची मुलगी."

बाईंनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "त्याहिनं तं सांगतलं नाई. गाडीत मीच कुरकुर करत होती, का मॅडमनं एक कागद घेतला नाई. तं मलेच रागावले. म्हणे, मॅडम कडक हायेत, नियमानं चालतेत, असाच अधिकारी पायजे. उद्या दुसरी पार्टी आली मोठ्या वशिल्याची, तं तिलेबी अशाच वापस पाठवतीन." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आपली पोर हाये हे एका शब्दानं नाई बोलले, माय."

मी मान हलवली. त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी पुढे कोणालाच सांगितलं नाही, तेव्हा इथे सांगते. मी हिशेब करत होते. मुदत वीसला संपते, वीसला रविवार, सुट्टी म्हणून एकवीसचा सोमवार धरता येईल. म्हणजे या बाईंच्या हातात अजून सोमवारपर्यंत वेळ आहे. त्यांचा अर्ज आत, दाराशेजारच्या खुंटीवर, बाबांच्या पिशवीत आहे. मी चार पावलं टाकून तो काढून देऊ शकते. पण मग, पर्यवेक्षी अधिकाऱ्याने पक्षकाराला आपल्या घरातून कागद दिला, असं होईल. ते कार्यपद्धतीत बसत नाही.

बाप जाऊन तीन दिवस झाले होते आणि मला कार्यपद्धती आठवत होती. लोक अशा वेळी देवाचं नाव घेतात.

देवकाबाईंनीही कागद मागितला नाही. सुतकातल्या घरातून आपला कागद कसा मागायचा, असं त्यांना वाटलं. हे मला त्यांनी तेरवीच्या दिवशी सांगितलं, म्हणजे अठ्ठावीसला. तेरवीला त्या सकाळीच आल्या आणि पोळ्या लाटायला बायका कमी आहेत असं पाहून पुढे झाल्या. आत्या म्हणाली, "राहू द्या बाई, माणसं आहेत. तुम्ही बसा बाहेर, वारं आहे."

मी परातीजवळ उभी होते. ऐकलं. वारं नव्हतं, आणि माणसंही नव्हती. देवकाबाई जाऊन मांडवाच्या टोकाला बसल्या. त्यांना हे वाक्य नवीन नव्हतं. माझ्यासमोर घडलेला तो एक साधा, स्वच्छ, अनुक्रमणिकेचीही गरज नसलेला गुन्हा होता, आणि मी आत्याला विचारलं की कणीक पुरेल का.

जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, त्याहिच्या पिशवीत माहा कागद राह्यला." मी पिशवी काढून दिली. अर्जासोबत नमुना 'क'ची झेरॉक्सही होती, बुधवारच्या आधीच आणलेली. मंगळवारी गाडीतून उतरल्या उतरल्याच त्यांनी ती आणली असणार, फोनवर मात्र उद्या म्हणाले. तीन पानांची अनुक्रमणिकाही होती. वड तसाच होता. तेवढं राहिलं होतं.

मी तेव्हा पहिल्यांदा तिसरं पान वाचलं. ओट्यावर बसून, देवकाबाई समोर उभ्या असताना. त्यात एकही विशेषण नव्हतं. तारीख, वार, वेळ. त्या दिवशी पटावर किती मुलं, जेवली किती. कोणत्या पालकाने फाटकात उभं राहून काय शब्द वापरले. ऐकणारे तिघे, त्यांची नावं, वयं, घरं. माझ्या हाताखालच्या तीन वकिलांपैकी कोणालाही असं पान लिहिता आलं नसतं. मलाही नाही. गेल्या दोन वर्षांत या माणसाची अकरा तिसरी पानं माझ्या टेबलावरून परत गेली होती.

मंगळवारी, एकोणतीसला, मी कामावर रुजू झाले. सगळे भेटायला आले. सोनटक्के हळहळले, "लेखन अपुरं राहिलं असेल हो वडिलांचं." मी हो म्हणाले.

दुपारी देवकाबाई तहसीलदारांचं शपथपत्र घेऊन आल्या. अर्ज आता निर्दोष होता, म्हणून सोनटक्क्यांनी तो नोंदवला. संध्याकाळपर्यंत फिरदोसचा शेरा माझ्यासमोर आला: 'सोमवार धरूनही आठ दिवस मुदतबाह्य. वर्षानंतरचा अर्ज दाखल करून घेण्याचा आयोगास अधिकार नाही. फेटाळण्याची शिफारस.' खाली माझ्या सहीची जागा.

"मॅडम, बाई म्हणतायत की पंधरालाच आणला होता," फिरदोस म्हणाली. "तेव्हा घेतला नाही म्हणतात. मी सुनावणीत होते. आला होता का?"

मी सोनटक्क्यांकडे पाहिलं. सोनटक्के नोंदवहीकडे पाहत होते.

फिरदोस गेल्यावर ते जवळ सरकले. "मॅडम, तुमच्या मनात असेल तर पंधराच्या पानावर तळाशी एक ओळ रिकामी आहे. मारतो शिक्का. कोणाला कळतंय?"

"सोनटक्के, ही बनावट नोंद झाली."

"झाली. पण बाई खरं बोलतेय ना?"

"तरीही."

माझी नीतिमत्ता अशा वेळी फार तल्लख असते. खोटा शिक्का मारायचा नाही, हे मला एका क्षणात कळलं. खरं बोलायचं, हे कळायला सोळा दिवस लागले. तोवर मी फेटाळणीवर सही केली नाही. मुदतीच्या मुद्द्यावर सदस्यांसमोर सुनावणी ठेवली. म्हणजे तोच प्रश्न मी दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. नोकरीत याला पुढे पाठवणं म्हणतात.

सुनावणी पंधरा डिसेंबरला झाली. सदस्य हट्टंगडी साहेब, निवृत्त जिल्हा न्यायाधीश, कमी बोलणारे. संस्थेकडून अ‍ॅडव्होकेट मोहता. मोहतांचा आवाज गोड होता आणि ते कोणालाही दुखवल्याशिवाय प्रकरण मारायचे. सोनटक्के जबाब टंकायला बसले होते. मी फाईल घेऊन सदस्यांच्या डाव्या हाताला.

"बाई, तुम्ही अर्ज आधी आणला होता, म्हणता?" हट्टंगडी साहेबांनी विचारलं.

"हो, सायेब. पंधरा तारखेले. मंगळवार होता."

"नोंद?"

"नोंद नाही, सर," सोनटक्के म्हणाले. "त्या दिवशी नोंदवहीत हे नाव नाही."

"तुम्हाला काही आठवतं?"

"सर, नोंदवही सांगेल ते."

"बाई, तुमच्यासोबत कोणी होतं?"

"लहानुजी होते, अर्ज लिहणारे. ते वारले, सायेब." देवकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका वाक्याने मला बांधू शकत होत्या. त्यांनी नजर खाली घेतली आणि आमचं नातं बाहेर काढलं नाही.

"झालं," मोहता म्हणाले. "एकच साक्षीदार, तोही हयात नाही. सर, मला बाईंबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. परंतु आयोग नोंदींवर चालतो, आठवणींवर नाही."

"फाईलमध्ये बाई मॅडमना भेटल्याचं म्हणतात," हट्टंगडी साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "दाभाडकर मॅडम?"

"हा अर्ज पंधराला आला होता, सर," मी म्हणाले. "मी पाहिला होता. तो सदोष म्हणून मी परत दिला. आवक टाकायला हवी होती. नियम नऊ, पोटनियम दोन."

एवढं बोलणं मी घरून पाठ करून आणलं होतं. एवढ्यावर भागेल, असा माझा हिशेब होता. यात मी थोडी चुकलेली, पुष्कळशी प्रामाणिक आणि संपूर्णपणे दाभाडकर दिसत होते.

मोहता उठले. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल खरोखरच आदर होता. "मॅडमच्या सचोटीबद्दल शंका नाही. पण सर, खिडकीवर रोज चाळीस-पन्नास माणसं येतात. महिन्यापूर्वीचा एक परत केलेला अर्ज, नोंद नाही, टिपण नाही. माणूस आहे, गल्लत होऊ शकते. मॅडम, राग मानू नका, मी फक्त विचारतो: एवढ्या अर्जांत हाच अर्ज, हीच तारीख, तुमच्या कशी लक्षात राहिली?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या जागी असते तर हाच विचारला असता, आणि अधिक चांगल्या शब्दांत.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते थोडक्यात आहे. अर्ज त्या दिवशी मुदतीत धरून दाखल झाला. मोहतांनी माझ्या हितसंबंधांवर हरकत घेतली, ती नोंदवली गेली आणि प्रकरण माझ्याकडून काढून फिरदोसकडे दिलं गेलं. तिने ते माझ्यापेक्षा चांगलं चालवलं. तिसऱ्या पानावरचे तिन्ही साक्षीदार खरोखरच त्या घरांत राहत होते. पुढच्या जूनमध्ये देवकाबाई त्याच शाळेच्या त्याच चुलीपाशी परत गेल्या. परिपत्रक मागे घेण्यात आलं. मला ठपक्याचं ज्ञापन मिळालं, ती माझ्या सेवेतली एकमेव लेखी नोंद, जिच्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. सोनटक्के बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "मॅडम, आम्हाला सांगायचं होतं ना आधी. आम्ही हसलो नसतो." मी म्हटलं, "मी तर हसले होते. मला माहीत असून."

पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी दालनात पंखा फिरत होता, सोनटक्क्यांची बोटं कळफलकावर थांबली होती, हट्टंगडी साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते आणि मोहता उत्तराची सवडीने वाट पाहत होते. न आठवण्याची मुभा त्यांनी मला दिलीच होती. मी "निश्चित सांगता येणार नाही" एवढं म्हटलं असतं तरी कोणाला वावगं वाटलं नसतं. देवकाबाई गावी परतल्या असत्या, आणि माझे वडील लेखक म्हणून वारलेले राहिले असते.

मी उभी राहिले. सदस्यांसमोर बसून बोलायची मला परवानगी होती, तरी उभी राहिले.

"सर, तारीख लक्षात आहे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो अर्ज लिहिणारे गेले," मी म्हणाले. "लहानुजी वैरागडे. तहसील कचेरीबाहेर बसून चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत होते. ते स्वतः खिडकीवर आले होते. त्यांनी मला नियम दाखवला, तो बरोबर होता, आणि मी त्यांना काका म्हणून परत पाठवलं."

आवाज नीट निघत होता. मला वाटलं होतं, निघणार नाही.

"ते माझे वडील होते, सर. मला त्यांची लाज वाटत होती."